घरच्या वर्कशॉपात छोटा इलेक्ट्रिक होईस्ट बसवायचाय? आधी वर बघा

कोल्हापूरकडं घरामागं शेड मारून लेथ, ड्रिल, वेल्डिंग मशीन घेऊन बसलेली माणसं गल्लोगल्ली आहेत, मीपण त्यातलाच. माझी शेड 12 बाय 18 ची. लेथचा 12 इंची फोर जॉ चक (काम पकडायचा चार जबड्यांचा भाग) उतरवायचा म्हणजे 40 किलोच्या पुढचा लोखंडी गोळा पोटाशी धरून वाकायचं, पॉवर टिलरचा गिअरबॉक्स आला की शेजारच्या पोरांना हाक मारायची, बांबू आणि दोर आणायचा, आणि ऑइल इंजिन आलं की ते टेंपोतून उतरवण्यातच अर्धा दिवस घालवायचा. कंबरेत एकदा चमक भरली आणि आठ दिवस मशीनला हात लावता आला नाही तेव्हा ठरवलं, होईस्ट, म्हणजे वजन वर उचलणारं विजेचं यंत्र, घ्यायचाच. घेतला, बसवला, आता रोज वापरतो. पण त्यातनं जे शिकलो ते हे की होईस्ट विकत घेणं हे सगळ्यात सोपं काम आहे, तो कशाला टांगायचा हेच खरं काम आहे. बहुतेक लोक मशीनच्या वॅटवर तासभर चर्चा करतात आणि वर काय आहे ते बघतच नाहीत.

सुरुवात वजनापासनं करा. तुमच्याकडं येणारा सगळ्यात जड जॉब, म्हणजे कामाला आलेली वस्तू, किती किलोचा, हे अंदाजानं नको. गोल बारचं वजन काढायचं सूत्र वर्कशॉपमधल्या प्रत्येकाला पाठ असतंय, मिलिमीटरमधला व्यास गुणिले व्यास भागिले 162, येईल ते मीटरला किलो. म्हणजे 100 मिमीचा बार मीटरला जवळजवळ 62 किलो. कास्टिंग असेल तर लोखंड घनसेंटिमीटरला साधारण 7.2 ग्रॅम धरायचं, स्टील 7.85. इंजिन, गिअरबॉक्स असल्या वाकड्यातिकड्या वस्तूंना सूत्र लावत बसू नका, भंगारवाल्याच्या काट्यावर एकदा घालून आणा आणि आकडा भिंतीवर लिहून ठेवा. मग जो सगळ्यात मोठा आकडा निघेल त्याच्या निदान दीडपट क्षमतेचा होईस्ट बघा. माझा सगळ्यात जड जॉब 230 किलो भरला म्हणून मी 200/400 वाला घेतला.

हा 200/400 काय प्रकार आहे ते नीट समजून घ्या कारण इथंच फसगत होते. बाजारात जे छोटे वायर रोपवाले होईस्ट मिळतात त्यांच्यावर मोठ्या अक्षरात 400 किलो लिहिलेलं असतं, पण तो 400 फक्त दुहेरी दोराला. सोबत एक सुटी पुली आणि हूक येतो, दोर त्या पुलीतनं फिरवून परत वर होईस्टच्या बॉडीला अडकवायचा, तेव्हा भार दोन दोरांवर वाटला जातो आणि 400 उचलतो. पुली न लावता एकेरी दोरावर तोच होईस्ट 200 चाच. आणि दुहेरी केलं की उंची आणि वेग दोन्ही अर्धे होतात, एकेरीला 12 मीटर दोर आणि मिनिटाला 10 मीटर वेग असेल तर दुहेरीला 6 मीटर आणि मिनिटाला 5. घरच्या शेडमध्ये 6 मीटर कुणाला लागतंय, आणि सावकाश उचलणं तर चांगलंच, त्यामुळं माझं मत सरळ आहे, पुली लावा आणि कायमची लावूनच ठेवा. एकेरी-दुहेरी बदलत बसलं की एक दिवस घाईत एकेरीवर 300 किलो टांगलं जाणार.

नेमप्लेटवर अजून एक गोष्ट असते, एस3 20 टक्के 10 मिनिटं असं काहीतरी. त्याचा अर्थ 10 मिनिटांत 2 मिनिटं चालवायचा आणि 8 मिनिटं गार होऊ द्यायचा. आपल्याला 2 मीटर उचलायला पंचवीसेक सेकंद लागतात म्हणजे घरगुती कामाला भरपूर झालं, पण दिवसभर विटा किंवा वाळूची घमेली वर चढवायला हा होईस्ट लावला तर मोटर जळणार.

आता टांगायचं कशाला. पहिलं सांगतो ते काय नाही. स्लॅबमधला पंख्याचा हूक नाही, तो पंख्यासाठी आहे. 4-5 इंची स्लॅबला खालनं ड्रिल मारून अँकर फास्टनर (काँक्रीटमध्ये फुगून बसणारा बोल्ट) ठोकून त्यावर होईस्ट, हेपण नाही. खालनं ओढणारा भार आणि वर प्रत्येक वेळी बसणारा झटका, फास्टनर हळूहळू सैल होतो आणि आपल्याला दिसत नाही. आणि शेडच्या पत्र्याखालची कैची (पत्रा पेलणारा अँगलचा सांगाडा) किंवा पाइप तर अजिबात नाही. हे मी स्वतः केलंय म्हणून सांगतो. पहिल्या दिवशी उत्साहात शेडच्या दोन कैच्यांमध्ये दोन इंची चौकोनी पाइप आडवा टाकला, 3 मिमी जाडीचा, दिसायला चांगला दणकट, आणि त्यावर होईस्ट कसून गिअरबॉक्स उचलायला घेतला. जमिनीपासनं चार बोटं वर आला असेल, वरनं पत्रा कडाडल्यासारखा आवाज आला, बघतो तर पाइप धनुष्यासारखा खाली आलेला आणि त्याच्याबरोबर कैचीचा खालचा अँगलपण ओढला गेलेला. लगेच खाली घेतला, कुणाला लागलं नाही, पण पाइप परत सरळ झाला नाही. नंतर हिशोब केला तेव्हा कळलं की 3 मीटर लांबीच्या मध्यावर झटक्यासकट 250 किलो धरले तर तो पाइप 33-34 मिमी खाली येतो आणि त्याच्या ताकदीच्या अगदी काठावर असतो, 500 किलो धरले तर कायमचा वाकणारच. कैची ही पत्र्याचं वजन आणि वारा घेण्यासाठी बांधलेली असते, मध्येच एका जागी टांगलेला भार तिच्या हिशोबात कधी नसतोच.

म्हणून स्वतःची वेगळी फ्रेम उभी करा, दोन खांब आणि वर एक गर्डर, शेडच्या पत्र्याला-कैचीला त्याचा काही संबंध नको. मी 10 फुटांच्या अंतरावर दोन खांब घेतले, 100 बाय 100 बाय 5 चा चौकोनी पाइप, आणि वर आयएसएमबी 150 चा गर्डर, म्हणजे 150 मिमी उंचीचा आय आकाराचा. हा गर्डर मीटरला साधारण 15 किलो म्हणजे 3 मीटरला 45, दोन माणसं घोड्यावर (उंच स्टँडवर) चढून बसवू शकतात. 400 किलो अधिक झटका धरून 500 किलो मध्यावर घातले तरी तो 2 मिमीच्या आसपासच वाकतो. लोक म्हणतात एवढा मोठा कशाला, 100 चा चालला असता. चालला असता कदाचित, पण पुढं ट्रॉली (होईस्ट गर्डरवर सरकवणारी चाकांची गाडी) घालायची होती आणि गर्डर एकदाच घ्यायचा असतो.

खांबांच्या बाबतीत एक सांगतो, खाली दाबणारा भार त्यांना काहीच नाही, खांब मोडतात ते कलल्यामुळं. जॉब झोके खातो, कुणीतरी ढकलतो, आणि फ्रेम हलायला लागते. त्यासाठी वरच्या दोन्ही कोपऱ्यांत 45 अंशात दीड-दीड फुटाचे तिरके आधार वेल्ड करा, आणि गर्डरला आडव्या दिशेनंपण आधार द्या, नाहीतर फ्रेम पत्त्यासारखी मागंपुढं डुलेल. मी मागच्या बाजूला दोन्ही खांबांपासनं जमिनीपर्यंत तिरके पाय सोडले. तुमच्या शेडला आरसीसी कॉलम असेल तर त्याला पकडा, पण साध्या विटांच्या भिंतीला नको.

खालचा कोबा किती जाड आहे ते फोडून बघा. घरच्या शेडमध्ये बहुतेक वेळा 3 इंचाचा कोबा आणि खाली मुरूम असतो, त्यावर बेस प्लेट ठोकून काही अर्थ नाही. दोन फूट बाय दोन फूट, दोन फूट खोल खड्डा घ्या, काँक्रीट भरा, त्यातच 16 मिमीचे चार फाउंडेशन बोल्ट लाकडाच्या टेम्प्लेटमध्ये उभे करून ठेवा म्हणजे प्लेटची भोकं जुळतात. प्लेट 250 बाय 250, 12 मिमी. सात दिवस पाणी मारा आणि पूर्ण भार 28 दिवसांनंतरच. खांब उभे करताना दोन बाजूंनी ओळंबा लावा, गर्डरवर लेव्हल पट्टी ठेवा, कारण गर्डर जरा जरी कलता राहिला तर ट्रॉली भार घेऊन आपोआप उताराकडं पळणार. वेल्डिंग नुसते टॅक (ठिपके) मारून सोडू नका, पूर्ण करा. तुमचा स्वतःचा हात वेल्डिंगला पक्का नसेल तर हे एक काम चांगल्या फॅब्रिकेटरला द्या.

उंचीचा हिशोब आधीच करा, हे कुणी करत नाही. गर्डर जमिनीपासनं साडेनऊ फुटांवर असला तरी होईस्टची बॉडी, खालची पुली, हूक आणि वरच्या लिमिट स्विचचा (हूक टोकाला आला की मोटर बंद करणारा) लिव्हर यात साधारण दोन फूट जातात. म्हणजे हूक जास्तीत जास्त साडेसात फुटांपर्यंत. मग स्लिंगचे (जॉबला बांधून हूकात अडकवायच्या पट्ट्याचे) दीड फूट, जॉबची स्वतःची उंची दोन फूट, म्हणजे जॉबचा तळ चार फुटांवर येऊन थांबला. टेंपोच्या हौद्याची उंची एकदा टेपनं मोजा, मगच खांब कापा.

होईस्टसोबत दोन यू आकाराच्या क्लॅम्पच्या पट्ट्या येतात, त्या चौकोनी बारवर कसायच्या असतात, आय सेक्शनवर त्या सरळ बसत नाहीत. ट्रॉली नको असेल तर गर्डरच्या खाली 12 मिमीच्या दोन प्लेटा सोडून त्यांच्यात फूटभर लांबीचा 40 मिमीचा भरीव चौकोनी बार बसवा आणि त्यावर होईस्ट कसा. गोल पाइप टाळा, त्यावर क्लॅम्प गर्रकन फिरतो. पातळ पोकळ पाइप टाळा, बोल्ट कसला की तो चेपतो आणि नंतर सैल पडतो. बोल्ट 8.8 ग्रेडचे, नायलॉक (सहज सैल न होणारे) नट, आणि आठ दिवस वापरल्यावर परत एकदा पाना लावायचा, पहिल्या आठवड्यात ते बसतातच.

ट्रॉली घ्यायची असेल तर दोन गोष्टी. एक, आयएसएमबीच्या फ्लँजची (आयच्या आडव्या पट्टीची) आतली बाजू उतरती असते, सपाट नसते, त्यामुळं ट्रॉलीची चाकं त्या उताराला जुळणारी हवीत, दुकानात जाताना गर्डरचा तुकडा पिशवीतनं घेऊन जा. दोन, गर्डरच्या दोन्ही टोकांना अँगलचे तुकडे बोल्टनं लावून स्टॉपर करा, ट्रॉली चढवल्यावर लगेच, उद्यावर ढकलू नका.

लाईटचं बघू. 400 च्या होईस्टची मोटर हजारेक वॅटची असते, 230 व्होल्टला 4-5 अँपियर चालू करंट, पण सुरू होताना त्याच्या कितीतरी पट ओढते. डीबीतनं (घरच्या स्विचच्या मुख्य पेटीतनं) स्वतंत्र लाईन ओढा, अडीच स्क्वेअर मिमीची तांब्याची वायर, सी कर्व्हचा (सुरुवातीचा जादा करंट सोसणारा) 10 अँपियर एमसीबी, 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच), आणि 16 अँपियरचा तीन पिनी सॉकेट. आरसीसीबी नको म्हणणारे भेटतील, ऐकू नका, पावसाळ्यात ओल्या कोब्यावर उभं राहून हातात पेंडंट (केबलला लोंबणारा बटणांचा डबा) धरायचा असतो. अर्थिंग मिळतंय का ते मल्टिमीटरनं बघा, फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ जवळजवळ सारखं यायला पाहिजे, आणि फ्रेमलापण वेगळी अर्थ वायर जोडा.

एक्स्टेन्शन बोर्डवर होईस्ट चालवू नका. 1 स्क्वेअरची 30 मीटर वायर म्हणजे जाऊन येऊन 60 मीटर, तिचा रोध साधारण 1.1 ओहम, सुरू होताना 20 अँपियर ओढले की 20 व्होल्टच्या वर तिथंच गेले. आणि आपल्याकडं संध्याकाळी शेतीपंप लागले की आधीच व्होल्टेज 180 ला आलेलं असतं. असल्या मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात पडतो, 230 चे 180 झाले की जोर साठेक टक्केच उरला. मग बटण दाबलं की मोटर नुसती हुंऽऽ करते, भार हलत नाही, आणि आपण बटण सोडायचं सोडून जोरात दाबतो. तसा आवाज आला की त्याच क्षणी बोट काढायचं, नाहीतर वाइंडिंग जळतं. मी सॉकेटशेजारी छोटा डिजिटल व्होल्टमीटर लावलाय, 200 च्या खाली असेल तर त्या दिवशी हातानं साखळी ओढायची चेनपुली.

पेंडंटची केबल लांब करायचा मोह होतो, करू नका. बऱ्याच छोट्या होईस्टमध्ये मोटरचा पूर्ण करंट पेंडंटमधनंच जातो आणि कपॅसिटरपण तिथंच असतो. झाकण उघडायचं असेल तर आधी पिन काढा आणि थोडा वेळ जाऊ द्या, कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

पहिल्यांदा चालवताना भार न लावता. दोर खाली सोडत जा आणि ड्रमकडं बघत रहा, ड्रमवर किमान तीन वेढे राहिलेच पाहिजेत, कारण दोराचं टोक ड्रमला नुसतं एका स्क्रूनं पकडलेलं असतं, खरी पकड त्या वेढ्यांची. बऱ्याच दोरांवर शेवटाकडं लाल रंग मारलेला असतो, तो दिसला की थांबायचं. खालचा लिमिट तिथंच तोडतो का ते बघा. मग वर घ्या, हूकच्या वरचं छोटं वजन लिव्हरला टेकल्यावर मोटर बंद झाली पाहिजे. नाही झाली तर लगेच बटण सोडा आणि लिमिट स्विच दुरुस्त झाल्याशिवाय पुढं जाऊ नका, कारण हूक बॉडीवर आदळला की दोर तुटतोच. पेंडंटवरचं लाल (इमर्जन्सी) बटणपण दाबून बघा, ते दाबलेलं असताना काहीच चाललं नाही पाहिजे.

नवीन दोर ड्रमवर सैल गुंडाळलेला असतो. 20-25 किलोचं वजन लावून पूर्ण खाली सोडून परत वर घ्या म्हणजे वेढे शेजारी शेजारी घट्ट बसतात. दोर हातानं वाट दाखवत नेऊ नका, चामड्याचे हातमोजे घातले तरी नको, बोट ड्रममध्ये जायला वेळ लागत नाही.

मग भाराची चाचणी, हा मला सगळ्यात आवडणारा भाग. 100 किलोपासनं सुरू करा, मग 200, मग तुमचा सगळ्यात जड जॉब. प्रत्येक वेळी जमिनीपासनं फक्त वीतभर वर. बटण सोडलं की आत खट्ट असा एकच आवाज यायला पाहिजे, तो ब्रेक बसल्याचा, वीज गेली तरी तो आपोआप बसतो. आता जॉबच्या तळाशी स्टीलची फूटपट्टी उभी धरा आणि शेजारच्या खांबावर खडूची रेघ मारा. दहा मिनिटांनी परत बघा. माझ्याकडं 230 किलोला रेघ जागची हलली नव्हती. दोन-तीन मिमी जरी उतरली तरी ब्रेक घसरतोय, मशीन परत पाठवा. याच वेळी गर्डरखाली दोरा ताणून मध्ये किती वाकला ते मोजा, आणि भार काढल्यावर तो पूर्ण सरळ झाला का तेपण बघा. बेस प्लेटच्या बोल्टशेजारी काँक्रीटला केसासारखी चीर गेलीय का ते टॉर्च लावून बघा.

हूकच्या खालचं सामान होईस्टइतकंच महत्त्वाचं आहे. पट्ट्याच्या स्लिंगला रंगाचा नियम असतो, जांभळा 1 टन, हिरवा 2 टन, पिवळा 3 टन, आपल्याला जांभळा पुरतो. लेबल फाटलेला, कडेला कापलेला पट्टा फेकून द्या, गाठ मारून वापरू नका. धारदार कडेवर जुन्या ट्यूबचा तुकडा घाला. दोन पायांची स्लिंग असेल तर कोन बघा, पाय जमिनीशी 60 अंशात असतील तर प्रत्येक पायावर भाराच्या 58 टक्के, 45 अंशात 71 टक्के, आणि 30 अंशात पसरले तर प्रत्येक पायावर पूर्ण शंभर टक्के. म्हणून पाय जितके उभे तितकं चांगलं. नायलॉनचा दोर, बैलगाडीचा कासरा, वेल्ड केलेली साधी साखळी, यातलं काहीच नाही.

आणि ओढायचं नाही, सरळ उचलायचं. टेंपोतलं इंजिन होईस्टखाली आलेलं नसेल तर तिरकं ओढून घ्यायचा मोह होतो, पण तिरका दोर ड्रमवर एकावर एक चढतो, खालच्या वेढ्यात अडकतो, आणि मग भार हवेत असताना एकदम सुटून इंचभर खाली आदळतो. टेंपोच मागंपुढं घ्या. वर आणि खालीच्या बटणांच्या मध्ये सेकंदभर थांबा. भाराखाली हात नाही, पाय नाही, डोकं तर नाहीच. माणूस या होईस्टनं कधीही उचलायचा नाही, पोरगं हट्ट करत असलं तरी, विहिरीत उतरायचं असलं तरी.

वीज गेली आणि जॉब वर अडकला तर छोट्या होईस्टला बहुधा हातानं उतरवायची सोय नसते. म्हणून शेडमध्ये लाकडी ठोकळे आणि जुनी चेनपुली कायम ठेवा, ठोकळे रचून जॉबखाली आधार द्यायचा आणि लाईट यायची वाट बघायची. एमसीबी पाडून ठेवा आणि टांगता भार सोडून जेवायला जाऊ नका.

महिन्यातनं एकदा दोर फडक्यानं पुसत पूर्ण लांबी बघा. तुटलेली तार फडक्यात अडकते, बोटात घुसत नाही. वाकून पीळ पडलेला, फुगलेला, चपटा झालेला दोर बदलायचा, क्लिप मारून जोडायचा नाही. हूकची जीभ परत बंद होते का आणि हूकचं तोंड उघडलंय का हे व्हर्नियरनं मोजा, पहिल्या दिवशीचं माप लिहून ठेवलं असेल तरच कळतं. कारखाना कायदा 1948 च्या कलम 29 मध्ये उचलण्याच्या यंत्रांची 12 महिन्यांतनं निदान एकदा जाणकाराकडनं पूर्ण तपासणी सांगितली होती. आपली शेड काय कारखाना नाही, पण लोखंडाला ते माहीत नसतं, म्हणून मी दर दसऱ्याला खंडेनवमीच्या पूजेआधी सगळं उतरवून बघतो. गर्डरवर दोन्ही बाजूंनी पिवळ्या ऑइल पेंटनं 400 किलो लिहिलंय, आणि त्याखाली खडूनं शेवटच्या तपासणीची तारीख.